"दहा दिवसांत बॅकफ्लिप"वाल्या कँपला पोरं पाठवायची का?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. लेक ८ वर्षांची, पोरगा ११ चा. एप्रिलमध्ये शाळा सुटली की बेळगावात जिम्नॅस्टिक आणि पारकोरचा (पळत, उड्या मारत भिंती-अडथळे ओलांडायचा प्रकार) दहा दिवसांचा डे कँप आहे, सकाळी ९ ते दुपारी ४. जाहिरातीवर एक पोरगं हवेत उलटं झालेलं आणि खाली मोठ्या अक्षरांत "दहा दिवसांत बॅकफ्लिप". पोरं मागं लागलीत, सासूबाई म्हणतात हातपाय मोडून घेतील, वर मुलीची उंची खुंटते, आणि ताईंना कळेना की कँप चांगला का वाईट हे बाहेरून ओळखायचं कसं.

ताई, मी लहानपणी मल्लखांब केला, मग जिम्नॅस्टिक, आणि गेली बावीस वर्षं पोरांना शिकवते, दर सुट्टीत कँप असतोच. त्यामुळं उत्तर लांबणार, निवांत वाचा.

माझ्या मते कँप ओळखायची एकच मोठी खूण आहे, तिथं पोरांना काय करू देत नाहीत ती. तुम्ही फोन करा आणि सरळ विचारा, "दहा दिवसांत माझ्या मुलाला काय करू देणार नाही?" ज्याला हे काम येतं तो लगेच चार गोष्टी सांगेल, की नवीन पोराला उलटी उडी नाही, ट्रॅम्पोलिनवर दोघं नाहीत, आपल्या छातीपेक्षा उंच ठिकाणावरून उडी नाही, कोच जवळ नसताना कुठल्याच साहित्याला हात नाही. आणि जो म्हणेल "अहो सगळं शिकवतो आम्ही, तुम्ही पाठवा तर खरं", त्याच्याकडं पाठवू नका, फी कितीही कमी असू दे.

बॅकफ्लिपचं म्हणाल तर तो काही वाईट प्रकार नाही, मीही शिकवते, खरं कुणाला आणि किती दिवसांनी हे बघायला लागतं. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं नाव तुम्हाला माहीत असणार, रिओ ऑलिंपिक २०१६ ला व्हॉल्टमध्ये (पळत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) चौथी आली, ब्राँझ ०.१५० गुणांनी गेलं. तिनं सहाव्या वर्षी सुरुवात केली आणि प्रोदुनोव्हा नावाची ती धोकादायक उडी मारून कॉमनवेल्थचं ब्राँझ घेतलं ते २०१४ ला, वयाच्या विसाव्या वर्षी. मधे चौदा वर्षं गेली. आपल्या पोराला दीपा व्हायचं नाही हे मान्य, खरं दहा दिवसांत बॅकफ्लिप म्हणजे नेमकं काय होतं ते ऐका. कोच दोन्ही हातांनी कमरेला धरून पोराला उलटवतो, चार वेळा, सहा वेळा, पोराला वाटतं मला आलं. मग एकदा कोचचा हात नसतो, पोरगं उडतं, अर्ध्यात भीती वाटते आणि हवेतच अंग उघडतं, आणि मग मानेवर येतं नाहीतर मागं टेकलेल्या हातांवर. उडी कमी पडली म्हणून नाही होत हे, अर्ध्यात मन बदललं म्हणून होतं, आणि लहान पोरांचं मन अर्ध्यात बदलतंच, त्यांचा दोष नाही तो.

मग दहा दिवसांत येतं काय? बरंच येतं की. सरळ कोलांटी, उतरत्या मॅटवरून उलटी कोलांटी, कार्टव्हील म्हणजे हात टेकून चाकासारखं बाजूला फिरणं, भिंतीला पाय लावून हँडस्टँड, बारला लोंबकळून झोका, जमिनीपासून वीतभर उंचीच्या बीमवर म्हणजे अरुंद आडव्या पट्टीवर चालणं आणि वळणं (खरा बीम १० सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो, त्यावर नवीन पोराला चढवायचं काही कारण नाही), आणि पारकोरमधलं म्हणाल तर एक हात एक पाय टेकून बॉक्स ओलांडणं ज्याला सेफ्टी व्हॉल्ट म्हणतात, एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर नेमकी उडी, खांद्यावरून तिरकी कोलांटी. एवढं नीट आलं तर तो कँप माझ्या हिशेबी भारी झाला.

आणि ह्या सगळ्याच्या आधी येतं पडणं. पहिला दीड दिवस तरी पडायला शिकवण्यात गेला पाहिजे. माझ्याकडं पहिल्या सकाळी काय चालतं ते सांगते. सगळी पोरं मॅटवर उकिडवी बसवते आणि प्रत्येकाला आपला घडी केलेला रुमाल हनुवटीखाली दाबून धरायला लावते. मग हात छातीशी घेऊन मागं लोळायचं, पाठ गोल, आणि रुमाल पडता कामा नये. पहिल्यांदा निम्म्या पोरांचा रुमाल पडतो. रुमाल पडला म्हणजे मान सैल सुटली आणि डोकं मागं आपटलं, इथं मऊ मॅट आहे म्हणून काही झालं नाही, शाळेच्या पटांगणात झालं असतं. वीसेक वेळा केल्यावर रुमाल धरायची गरजच राहत नाही, हनुवटी आपोआप छातीला चिकटते. मग उभं राहून पडणं, मग बाजूला पडणं, मग पुढं पडताना हात ताठ न ठेवता कोपरात वाकवून घेणं. पोरं पडल्यावर हात ताठ टेकतात, तिथंच मनगट आणि कोपर जातं, लहान पोरांच्या जिम्नॅस्टिकमधल्या दुखापती बघितल्या तर ह्या दोन जागा सारख्या येतात. गावाकडची पोरं यात एका बाबतीत पुढं असतात, पिंजराच्या गंजीवर उड्या मारून, विहिरीत मुटका मारून त्यांना अंग गोळा करायची सवय असते, खरं पाणी आणि पिंजर दोन्ही माफ करतात, फरशी नाही करत, त्यामुळं अशी पोरं जास्त धीट असतात आणि त्यांना आवरायलाच जास्त वेळ जातो.

तुम्हाला एक सोपी परीक्षा सांगते ज्याला जिम्नॅस्टिकमधलं काही कळायला नको. हॉलच्या दाराबाहेर पाच मिनिटं उभं राहा आणि डोळे मिटून ऐका. पोरं उड्यांवरून खाली येताना आवाज कसा येतोय? धप्प, धप्प, धप्प असा येत असेल तर कुणी त्यांना जमिनीवर यायला शिकवलेलं नाही, टाचांवर येतायत, गुडघे ताठ आहेत, सगळा मार टाच, गुडघा आणि कमरेला बसतोय. चांगल्या ठिकाणी आवाज बारीक असतो, चवड्यावर येतात, मग टाच, गुडघे वाकतात आणि पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात, आत पडत नाहीत. पारकोरमध्ये तर हा मूळ नियमच आहे, आवाज न करता उतरायचं. मी पोरांना सांगते की खाली बाळ झोपलंय, त्याला उठवायचं नाही, आणि हे वाक्य बाकी सगळ्या सूचनांपेक्षा जास्त चालतं.

आता आत गेल्यावर साहित्य बघा, खरं ते नवं चकचकीत आहे का हे बघू नका. मॅटच्या सांध्यांवर पाय ठेवून बघा. दोन मॅटमधे फट असली तर पोराचा पाय त्यात जाऊन घोटा मुरगळतो, मी सुरुवातीला दुसऱ्यांच्या हाताखाली काम करायची तेव्हा एका मुलीचा घोटा असाच माझ्या डोळ्यांदेखत गेला, मॅट दोन इंच सरकली होती आणि मी ते बघितलं होतं, हा एक झाला की सरळ करू म्हणून थांबले. तेव्हापासून शिट्टी मारून सगळं थांबवते आणि आधी मॅट लावते. उड्यांच्या खाली जाड क्रॅश मॅट लागते, निदान २० सेंटिमीटरची, घरातल्या योगा मॅटवर किंवा जुन्या गादीवर भागत नाही, गादी एका ठिकाणी बसते आणि पाय वाकडा जातो. बारच्या, बॉक्सच्या आसपास भिंत, खांब, खिडकीची कडी किती लांब आहे तेही बघा.

ट्रॅम्पोलिन असेल तर एका वेळी एकच पोर, इथं तडजोड नको. दोघं उडाली की हलकं पोर जड पोराच्या उडीवर फेकलं जातं, त्याला कळतही नाही कुठं चाललो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलंय की ट्रॅम्पोलिनच्या साधारण तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण वर असताना होतात, आणि लहान पोरालाच जास्त लागतं. सहा वर्षांच्या आतल्या पोराला तर चढवूच नये म्हणतात. फोमचे तुकडे भरलेला खड्डा असेल तर त्यात पायांवर, बसून किंवा पाठीवर पडायचं, डोक्यावर आणि पोटावर कधीच नाही, हा नियम कोच पहिल्या दिवशी सांगतो का ते पोरांना विचारा.

माणसांबद्दल. एका कोचकडं आठ ते दहाच्या वर नवीन पोरं नकोत, सात-आठ वर्षांची असतील तर आठच. "चाळीस पोरं आणि आम्ही चौघं" असं सांगतात तेव्हा त्या चौघांत दोघं गेल्या वर्षीचीच मोठी पोरं असतात, ती मदतनीस, कोच नव्हेत, त्यांना मोजू नका. मुख्य कोचचं शिक्षण विचारायला लाजू नका, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, नाहीतर स्वतः खेळलेला आणि कुणा जाणत्याच्या हाताखाली शिकवलेला, काहीतरी पाहिजे. जिममधे वजनं उचलायला शिकवणारा चांगला माणूस असला तरी हे काम वेगळं. आणि कोच लवचीकपणा कसा करून घेतो ते आवर्जून बघा. पोर स्प्लिटमधे, म्हणजे दोन पाय दोन दिशांना सरळ पसरून, बसलंय आणि कोच त्याच्या खांद्यावर भार देऊन दाबालाय, पोराच्या डोळ्यांत पाणी, आणि बाकीच्यांना सांगतोय "रडलं की येतं", असं दिसलं तर त्याच मिनिटाला पोराला घेऊन घरी या. ताण जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं, आणि वाढत्या अंगाला ओढून आणलेला लवचीकपणा टिकत नाही, सांधे मात्र सैल होतात.

एक गोष्ट आपल्याकडं बोलत नाहीत म्हणून मी मुद्दाम बोलते. ह्या खेळात कोचला पोराला हात लावावाच लागतो, आम्ही त्याला सपोर्ट देणं म्हणतो, पाठीला, खांद्याला, कमरेच्या बाजूला, मांडीच्या मागं. हे सगळ्यांसमोर, उघड्या हॉलमधे, "आता इथं धरतो" असं सांगून होतं. बंद खोलीत एकट्या पोराला वेगळा सराव, मसाज, कोचच्या गाडीवरून एकटं घरी सोडणं, रात्री मुलीच्या मोबाईलवर मेसेज, ह्यातलं काहीही नको. पालकांना बसून बघू देत नाहीत असा कँप नकोच. दोन्ही पोरांना घरातून निघण्याआधी साध्या शब्दांत सांगा की कुणाचा हात नको वाटला तर जोरात "नको" म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं, आम्ही रागावणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, अठराच्या आतल्या सगळ्यांना लागू, मुलग्यांनाही, आणि काही झालं तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. लेकीसोबत बाईमाणूस कोच किंवा मदतनीस आहे का विचारा. मुलींसाठी तंग जिम्नॅस्टिकचा ड्रेस लागत नाही, सायकलिंगची चड्डी आणि आत खोचता येईल असा टी-शर्ट पुरतो. फोटो-व्हिडिओ कँपच्या पानावर टाकणार असतील तर तुम्हाला विचारून टाकायचे, तसं फॉर्ममधे लिहून द्या.

फॉर्मवरून आठवलं, पोरांच्या तब्येतीचं लपवू नका. मला दरवर्षी एक तरी आई शेवटच्या दिवशी सांगते की त्याला दमा आहे खरं मी बोलले नाही, घेतलं नसतं म्हणून. दमा असला तर घेतो की आम्ही, फक्त पंप पोराच्या बॅगेत हवा आणि कोचला माहीत हवं, कारण बारसाठी हाताला लावायची पांढरी पावडर हवेत उडते आणि एखाद्याला खोकला काढते. फिट येत असेल तर उंचीचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही पोरांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यांना कोलांटी द्यायच्या आधी डॉक्टरांनी मान तपासायलाच लागते. जुनं फ्रॅक्चर, हृदयाचं काही, चष्मा, सगळं लिहा.

निघताना अंगावर काय आहे ते बघा. आपल्याकडं पोरांच्या गळ्यात काळा दोरा, ताईत, कमरेला करगोटा, मुलींच्या पायात पैंजण, कानात डूल, हातात कडं असतंच. हे सगळं काढायचं. गळ्यातला दोरा बारच्या खिळीला अडकला तर पोर त्यावर लोंबकळतं, मी हे उगाच भीती घालायला सांगत नाही, अंगठी आणि दोरा ह्या दोन गोष्टी जिम्नॅस्टिकच्या हॉलमधे सगळीकडं बंद असतात. देवाचा म्हणून काढवत नसेल तर घरात देव्हाऱ्यासमोर ठेवा, संध्याकाळी परत बांधा. आणि दुसरं, सकाळी डोक्याला तेल लावून चापून वेणी घालून पाठवू नका. पोरगी घाम आला की केसांवरून हात फिरवते, तोच हात बारला, आणि हात सुटतो. मला आधी कळायचंच नाही की पावडर लावूनही एका मुलीचा हात दर वेळी का निसटतोय, मग एकदा तिचे तळवे बघितले तर चमकत होते, नारळाचं तेल. तेल रविवारी लावा. जिम्नॅस्टिक अनवाणीच करतात, पारकोरला पातळ रबरी तळाचे साधे बूट, जाड उशीसारख्या तळाचे नकोत, खाली काय आहे ते पायाला कळायला पाहिजे.

डबा. पोट भरून जेवल्यावर दोन तास तरी उलटंसुलटं काही नको, त्यामुळं दुपारच्या जेवणानंतर कँपमधे बैठे खेळ, चित्रं, व्हिडिओ बघून चर्चा असं काहीतरी असलं पाहिजे, वेळापत्रकात नसेल तर विचारा. सकाळी उप्पीट किंवा पोहे, डब्यात भाकरी-चपाती भाजी, मधल्या वेळेला केळं, शेंगदाण्याचा लाडू, ताक. एप्रिल-मेमधे पत्र्याच्या शेडखाली दुपारी बारा ते तीन भट्टी होते, बेळगाव थंड बेळगाव थंड म्हणतात ते पत्र्याखाली खरं नाही. दर वीस मिनिटांनी पाणी, पोर मागायची वाट न बघता. आणि आपल्याकडं वळीव कधी येईल सांगता येत नाही, चार वाजता आभाळ भरून येतं आणि कडकडाट. मैदानावरचा कँप असेल तर पहिला गडगडाट ऐकला की पोरं पक्क्या इमारतीत, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर नाही. भिजलेल्या मॅटवर त्या दिवशी काही नाही. तुम्ही खानापूरहून येणार म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पावसात उशीर होणारच, तर उशीर झाला तर पोरांजवळ कोण थांबणार आणि न्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून द्या, त्याशिवाय कुणाच्या हाती पोर देऊ नका म्हणून सांगा.

आता लागलं तर. हे मन लावून वाचा. मी नवीन असताना एका कँपमधे नऊ वर्षांचा पोरगा बुटक्या बारवरून ताठ हातावर पडला, कोपर लगेच सुजलं. घरच्यांनी आमचं न ऐकता त्याला हाडं बसवणाऱ्याकडं नेलं, तेल लावून चोळलं, ओढलं, कामट्या घट्ट बांधल्या. रात्रभर पोरगं कळवळत होतं. सकाळी बोटं गार आणि निळसर, मग धावपळ, मोठं ऑपरेशन. हात वाचला, खरं कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. कोपराच्या वरचं हाड मोडलं की शेजारून जाणारी रक्ताची नळी दाबली जाऊ शकते, त्यात चोळणं आणि घट्ट बांधणं म्हणजे आगीत तेल. म्हणून, सुजलेला सांधा चोळायचा नाही, ओढायचा नाही, आहे त्या स्थितीत पुठ्ठा लावून सैल बांधायचा, कापडातून बर्फ, बोटांचा रंग आणि ऊब बघत राहायचं आणि सरळ एक्स-रे जिथं होतो तिथं. आणि त्याला खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं, आपण मायेनं सरबत पाजतो आणि तिकडं डॉक्टरांना तास न् तास थांबायला लागतं.

डोक्याला लागलं आणि पोर गोंधळलं, तेच तेच विचारतंय, उलटी झाली, झोपाळू झालं, डोकं दुखतंय म्हणतंय, तर त्या दिवशीचा खेळ संपला आणि डॉक्टरांकडं, "बरं वाटतंय" म्हणालं तरी परत मॅटवर नाही. मानेत दुखतंय किंवा हातापायाला मुंग्या म्हणालं तर हलवायचंच नाही, १०८ ला फोन. पक्का दात मुळापासून पडला तर मूळ न धरता वरच्या बाजूनं उचलायचा, दुधात टाकायचा आणि अर्ध्या-एक तासात दातांच्या डॉक्टरकडं, पुन्हा बसू शकतो. कँपच्या भिंतीवर जवळच्या हॉस्पिटलचं नाव, फोन आणि गाडी कोणाची हे लिहिलेलं आहे का बघा. "आमची जबाबदारी नाही" असं लिहिलेल्या कागदापेक्षा हा कागद मोठा.

पारकोरबद्दल वेगळं सांगायला लागतं, कारण जिम्नॅस्टिक हॉलमधेच राहतं आणि पारकोर पोराबरोबर घरी येतं. हा प्रकार फ्रान्समधला, पॅरिसजवळच्या लिस नावाच्या गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून घडवला, मूळ लष्करातल्या अडथळ्यांच्या शर्यतीत. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान भिंती आणि दोर ओलांडतात ना, तशातलंच. जागतिक जिम्नॅस्टिक महासंघानं २०१८ ला तो आपल्यात घेतला, २०२२ ला टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि जुन्या पारकोरवाल्यांची त्यावर नाराजीही बरीच आहे, त्यांचं म्हणणं ही शिस्त आहे, गुणांचा खेळ नाही. मला त्यांचं हे म्हणणं पोरांच्या बाबतीत तरी पटतं. कारण खरा पारकोर शिकलेला माणूस उडी मारायच्या आधी भिंतीला हात लावून बघतो, दगड हलतोय का, ओलं आहे का, पलीकडं काय आहे. मोबाईलवर हे दिसत नाही, फक्त उडी दिसते.

म्हणून तुमच्या ११ वर्षांच्या पोराची मला कँपमधल्या दहा दिवसांपेक्षा नंतरच्या दिवसांची जास्त काळजी आहे. कँप सुट्टीतच संपतो, मग जूनला पाऊस, आणि खानापूरकडं पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. चिऱ्याच्या कंपाउंडवर आठवड्यात शेवाळ धरतं, वरचे चिरे नुसते ठेवलेले असतात, काही भिंतींवर काचा लावलेल्या, आणि गच्चीला कठडा बुटका. चांगला कोच शेवटच्या दोन दिवसांत हेच शिकवतो, घरी काय नाही करायचं. माझ्या पोरांकडून मी तीन गोष्टी वदवून घेते, गच्ची आणि टाकी बंद, पावसाळ्यात बाहेर पारकोर बंद, आणि मोठं माणूस नसताना व्हिडिओसाठी काही करायचं नाही. त्याऐवजी अंगणात खडूनं रेषा आखून द्या, रेषेवरून रेषेवर नेमकी उडी आणि तिथंच न हलता थांबणं, हे मन लावून करायला गेलं तर तासभर जातो आणि पडलं तर जमिनीवरच आहे.

सासूबाईंना सांगा उंची खुंटत नाही. मोठ्या स्पर्धांतल्या मुली बुटक्या दिसतात कारण बुटक्या अंगाला गिरक्या सोप्या जातात, म्हणून त्याच वरपर्यंत पोचतात. रोज कितीतरी तास सराव आणि वर उपाशी ठेवणं असेल तर वाढीवर परिणाम होतो, दहा दिवसांच्या कँपनं नाही. मुलीच्या अंगाला आतून काही होतं ही भीतीही काढून टाका. पाळीत खेळता येतं, तिला वाटलं तर, नाही वाटलं तर बसू देत, आणि मोठ्या मुलींच्या गटात पहिली पाळी कँपमधेच येऊ शकते, तेव्हा पॅड आणि नीट बोलणारी बाई तिथं हवी.

भाषेचं एक. आपल्या कँपमधे मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी घरची पोरं एकत्र असतात, आणि कोच "थांब" म्हणाला तरी कन्नड शाळेतलं पोर उडी मारून मोकळं होतं, "निल्लु" म्हटलं तर मराठी पोर बघत बसतं. थांबायची खूण सगळ्यांना एकच पाहिजे, शिट्टी किंवा वर केलेला हात, आणि ती पहिल्या तासात ठरली पाहिजे. तुमची लेक लाजरी असेल तर कोचची भाषा तिला कळते ना एवढं बघा, न कळता मान हलवणाऱ्या पोराला जास्त लागतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मांड्या, पोट, खांदे दुखणं साहजिक आहे, दोन दिवसांत जातं. खरं एकाच जागी बोट ठेवून "इथं दुखतंय" म्हणालं, विशेषतः टाच, गुडघ्याखालचा उंचवटा, मनगट, तर ते वाढीच्या हाडाचं दुखणं असू शकतं, त्या दिवशी उड्या बंद, कोचला सांगा, तीन-चार दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर. लंगडत असेल तर पाठवूच नका, फी गेली म्हणून पाठवू नका.

तर तुमच्यापुरतं माझं मत, त्या बॅकफ्लिपवाल्यांना आधी फोन करून तो प्रश्न विचारा, उत्तर पटलं तरच पुढं. पटलं तर पोरग्याला पूर्ण दिवस पाठवा, लेकीला अर्धा दिवस मिळतो का विचारा, आठ वर्षांचं पोर दुपारनंतर दमतं आणि दमल्यावरच चुकतं. शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिक असतं, मला तो दिवस सगळ्यात जास्त जड जातो, कारण सगळे मोबाईल वर असतात आणि एखादे काका मागून ओरडतात "उलटी मार की रे", आणि जे पोर दहा दिवस शहाण्यासारखं वागलं ते तेव्हाच न शिकलेलं काहीतरी करून बघतं. तुम्ही या, बघा, टाळ्या वाजवा. फक्त लेक बीमवर असताना तिला नाव घेऊन हाक मारू नका, ती मान वळवून आईकडं बघणारच.